आवाज न करणारे टायर

हेवा कोणाचा करावा, याचेही काही संकेत असतात. आपल्याहून श्रीमंत, देखण्या किंवा तरुण माणसाचा हेवा केला तर लोक समजून घेतात. मी ज्यांचा हेवा केला ते सत्तरी ओलांडलेले होते, अनवाणी गाडी चालवत, आणि इतरांच्या खिशाला जिथे पेन असते तिथे त्यांच्या खिशाला टायरची हवा मोजण्याचे मीटर अडकवलेले असे. ते आमचे घरमालक. डहाणूला त्यांच्या चिकूच्या वाडीत, पुढल्या दोन खोल्यांत, मी आणि माझी पत्नी भाड्याने राहत होतो. आजही राहतो; मालक मात्र गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. गेलेल्या माणसाचा हेवा करण्यात अर्थ नाही, हे मला कळते. तरी परवा आमच्या गाडीचे झिजलेले टायर पाहून पत्नी म्हणाली, "काका असते तर हात मारून सांगितलं असतं किती दिवस चालतील ते," आणि छातीत ते जुने, ओळखीचे काहीतरी पुन्हा टोचले.

हात मारून सांगणे ही त्यांची विद्या होती. कलिंगड घेताना गिऱ्हाईक मारते तसा ते टायरवर तळहात मारत, डोळे मिटत आणि आत किती हवा आहे त्याचा आकडा सांगत. मग खिशातले मीटर लावून स्वतःचीच परीक्षा घेत. आकडा चुकला तर म्हणत, "मीटर बिघडलंय." गाडीत बसण्यापूर्वी ते चपला काढून जमिनीवर नीट शेजारी-शेजारी ठेवत आणि त्या तिथेच विसरून निघून जात. फाटकाशी रिकाम्या चपलांचा जोड दिसला की मालक बाहेर गेले आहेत, असे शेजारपाजारचे लोक समजत. जुना टायर त्यांनी कधी भंगारात दिला नाही. वाडीच्या मागल्या बाजूला एक खोली होती. तिच्या चारही भिंतींना छपरापर्यंत निवृत्त टायरांच्या चळती लावलेल्या होत्या.

आणि ते कोणाचे ऐकत नसत. गावात त्यांची सगळी कीर्ती या एका वाक्यात मावत असे. वरोरच्या किनाऱ्यावर एकदा सहलीला आलेल्या कुणाची तरी मोटार वाळूत रुतली होती. चाके फिरून फिरून खोल जात होती. मालक तिथे गेले, गुडघ्यावर बसले आणि काही न विचारता एकेका टायरची हवा सोडू लागले. गाडीवाला त्यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, पोलिसांना बोलावीन म्हणत होता. मालकांनी मान वर केली नाही. चारही टायर चपटे होऊन वाळूवर पसरले तेव्हा ते उठले आणि त्यांनी हाताने पुढे चला अशी खूण केली. गाडी म्हशीसारखी संथपणे वर आली. ओरडणाऱ्या माणसाने हात जोडले. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हसल्या आणि त्यांनी मालकांच्या हातात सुक्या बोंबलांचे एक पुडके ठेवले. मी जवळच उभा होतो. शिव्यांच्या पावसात एवढे निश्चिंत बसता येणे, ही मला दैवी देणगी वाटली, आणि ती मला मिळालेली नव्हती.

मी कॉलेजात शिकवतो. माझा आवाज मुळात बारीक. शेवटच्या बाकापर्यंत तो पोचत नाही, हे विद्यार्थी मला पाठ फिरवून कळवतात. पत्नीचे उलटे आहे. ती कान तपासते. एका लहानशा संस्थेतर्फे तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडल्या पाड्यांवर जाते, तिथल्या म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या कानांची चाचणी घेते, ज्यांना गरज आहे त्यांना यंत्र बसवते. दिवसभर कमी ऐकणाऱ्यांशी बोलून तिचा आवाज खणखणीत झाला आहे. घरी ती मला म्हणत असे, "तुम्ही मनात बोलता आणि उत्तर माझ्याकडे मागता."

त्या कामासाठी आम्ही चारही चाकांना जोर असलेली एक जुनी गाडी घेतली. वापीच्या एका हौशी माणसाची ती होती आणि त्याने तिला अठरा इंची, आरशासारखी चकाकणारी अलॉयची चाके बसवली होती. त्यांवर टायर म्हणाल तर काठाएवढा. ती चाके मला फार आवडली. आयुष्यात मिरवण्यासारखी वस्तू माझ्या वाट्याला क्वचितच आली होती. कॉलेजच्या आवारात गाडी उभी केली की शिपाईही वळून पाहत असे.

पहिल्याच मोठ्या फेरीला मी सोबत होतो. कैनाड गाव मागे टाकून, डांबर संपल्यावर, एका ओहोळातून चढताना दगडाने टायरची बाजू फाडली आणि चाकाचा चकाकता काठ आत वळला. गाडी ज्या आवाजाने आपटली त्याने मागे ठेवलेले तपासणीचे यंत्रही हादरले. स्टेपनी लावून पाड्यावर पोचेपर्यंत दुपार झाली, आणि यंत्रातून येणारे सूर खरे की खोटे याचा भरवसा उरला नव्हता. एक आजी सकाळपासून झाडाखाली बसून होती. कान न तपासता तिला परत पाठवावे लागले. ती काठी उचलून निघाली.

संध्याकाळी ओट्यासमोर मालक गाडीभोवती फिरले. वाकलेल्या चाकावर त्यांनी हात फिरवला तो एखाद्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फिरवावा तसा.

"बेन, हा टायर आहे की बांगडी? बांगडी घालून डोंगर चढतात का?" ताई म्हणावे तसे ते पत्नीला बेन म्हणत.

"मी रोज घालूनच चढते, काका," पत्नी म्हणाली आणि तिने दोन्ही मनगटे त्यांच्या नाकासमोर धरली.

मालक इतके हसले की त्यांना गाडीच्या बॉनेटला टेकावे लागले. "हरलो," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी बांगडी हा शब्द सोडून दिला. अशा टायरला ते बशी म्हणू लागले. पत्नीही हसत होती. आमच्या घरात ती असे हसून किती काळ झाला होता, याचा मी तिथे उभ्या उभ्या हिशेब मांडला आणि तो अर्धवट सोडला.

मग त्यांनी निकाल दिला. चाक लहान करायचे, सोळाचे. टायर जाड घ्यायचा. बाहेरची उंची होती तेवढीच राहते. आत लोखंड कमी होते आणि रबर वाढते. "रबर वाकतं म्हणून वाचतं. तुझं मशीन रबरावर बसून जाईल, बेन. आत्ता ते लोखंडावर बसून जातं." जगभर लोक चाके मोठी करत असताना हा माणूस लहान करायला सांगत होता. मी म्हणालो की गाडीची शोभा या चाकांतच आहे, आणि निदान एकदा तसाच दुसरा टायर घालून पाहावा. माझे वाक्य अर्ध्यात असतानाच ते पुढे बोलू लागले. मी थांबलो. पत्नीने मोठ्याने सांगितले, "काका, ह्यांना वाटतं मोठीच बरी."

मालकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. "प्रोफेसरांना काही वाटतं होय? छान."

तो अपमान मी पुष्कळ दिवस जपून ठेवला.

निर्णय तिचा होता, काम तिचे होते, आणि तिने त्यांचे ऐकले. मुद्दा चाकांचा असता तर मी विसरलोही असतो. पण आमच्या संसारातली एक गोष्ट ठरवताना तिने आम्हा दोघांना समोरासमोर ठेवून एकाला निवडले, आणि तो मी नव्हतो.

त्यानंतरची एक सकाळ मला आठवते. मालक स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेन, लिंबाएवढी कणीक दे." पत्नीने काही न विचारता परातीतला गोळा तोडून दिला. कुठूनतरी आणलेले सोळाचे लोखंडी चाक अंगणात पडले होते. मालकांनी कणीक ब्रेकच्या बाहेर आलेल्या भागावर थापली, त्यावर चाक चढवले, हाताने सावकाश फिरवले आणि पुन्हा काढले. कणीक खरवडली गेली होती. म्हणजे चाक ब्रेकला घासणार. "नापास," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसरे चाक आले, पुन्हा कणीक मागितली गेली. या खेपेस गोळ्यावर ओरखडाही नव्हता. त्यांनी तो पत्नीला बोलावून दाखवला. दोघे त्या कणकेकडे बाळाच्या जावळाकडे पाहावे तसे पाहत होते. गोळा गायीला गेला. उरलेल्या कणकेच्या पोळ्या माझ्या ताटात आल्या आणि त्या दिवशी मला त्या गिळवेनात.

टायर घ्यायला आम्ही तिघे तलासरीला, हायवेवरच्या दुकानात गेलो. मालकांनी एकेक टायर हुंगला, त्याची बाजू अंगठ्याने दाबली, आणि मोठमोठ्या बटणांचा, म्हणजे रबराच्या उंच ठोकळ्यांचा, एक जाडजूड टायर निवडला. दुकानदार प्रामाणिक होता. तो म्हणाला, "शेठ, मातीत एक नंबर आहे. पण हायवेला ओरडतो."

हे त्याने दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा पत्नीने मोठ्या आवाजात पोचवले.

"खोटं," मालक म्हणाले. "माझ्या जीपला इतकी वर्षं हाच आहे. सुईचा आवाज नाही."

टायर बसले. परतताना गाडीने वेग घेतला आणि भाताच्या गिरणीत बसल्यासारखा घरघराट सुरू झाला. मी मालकांकडे पाहिले. ते समाधानाने खिडकीबाहेर पाहत होते. आवाज येतो आहे, असे मी म्हणालो. त्यांनी स्मित केले. पुढे मी ही तक्रार नित्य करत राहिलो, ओट्यावर, फाटकाशी, गाडीत. आणि त्यांचे उत्तर तेच, ते मंद, मोठेपणाचे स्मित. एकदा मी पत्नीला विचारले, हा माणूस धडधडीत खोटे का बोलतो?

"ते खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

गाडी मात्र चालली. जिथे टायर फाटला होता त्याच दगडावरून ती आता पाऊल टाकल्यासारखी जाई. यंत्र एकदाही बिघडले नाही. काठीवाली आजी पुन्हा आली, तिचे कान तपासले गेले. पत्नी आनंदात होती, आणि तिच्या आनंदाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होत असल्यामुळे तो मला नीट पाहवतही नव्हता. एवढ्या क्षुद्रपणाला माणूस पोचू शकतो, हे मला पन्नाशीत कळले.

मग रविवार सुरू झाले. दुपारी जेवणे झाली की पत्नी तिची पेटी उचलून मागल्या टायरांच्या खोलीकडे जाई. मालक तिथे आधीच गेलेले असत. दार आतून लागे. बऱ्याच वेळाने ती परत येई. मी उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलेला असे. कुठे गेली होतीस, असे मी विचारत नसे. काय काम होते, असेही नाही. विचारायचे ते सगळे मी मनात, फार नेमक्या शब्दांत विचारून ठेवले होते. एका रविवारी मी उठून त्या दारापर्यंत गेलो. आत बोलणे नव्हते. हसणे नव्हते. काहीच नव्हते. हसण्याचा आवाज आला असता तर मी सुखाने परतलो असतो, कारण त्याची मला सवय झाली होती. त्या शांततेपुढे मी ओशाळा होऊन उभा राहिलो आणि चिकूच्या पानांवरून, आवाज होऊ न देता, परत आलो.

त्याच आठवड्यात मी पत्नीला सांगितले की आपण घर बदलू. स्टेशनच्या बाजूला एक जागा पाहून ठेवली आहे.

"बदलू," ती म्हणाली. "पण काकांचं काम तेवढं होऊ दे."

एवढ्यावर मला जे समजायचे ते मी समजलो.

पुढल्या रविवारी दार लवकर उघडले. मालक एकटेच, ताडताड पावले टाकत आमच्या ओट्यापर्यंत आले. नेहमी टायरवर मारायचा तो तळहात त्यांनी उजव्या कानावर धरला होता. "प्रोफेसर, चला," ते म्हणाले, "गाडीत बसा." ज्या प्रसंगाची मी तयारी करत होतो तो आला, असे मला वाटले. त्यांनी चपला काढून ओट्यापाशी ठेवल्या आणि आमचीच गाडी काढली.

वाटभर ते बोलले नाहीत. हे अघटित होते. हायवेला लागल्यावर त्यांनी वेग घेतला, घरघराट सुरू झाला, आणि मालक दचकले. त्यांनी आरशात पाहिले, मागे एखादा ट्रक अंगावर येत असावा तसे. ट्रक नव्हता. वेग कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. मग गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि कानावरचे केस मागे सारले. कानामागे यंत्र होते.

"हे असं ओरडतं?"

"हो," मी म्हणालो.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं."

"केव्हा?"

"रोज."

"तुमचे ओठ हलायचे, प्रोफेसर. ओठच दिसायचे. मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर मनातल्या मनात शिव्या पुटपुटतो."

या बाबतीत ते अगदीच चुकले नव्हते.

मग त्यांनी सगळे सांगितले. कान कित्येक वर्षांपासून जात होते. समोरच्याचे ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून ते स्वतःच बोलत राहत. लोक त्याला हट्टीपणा म्हणत आणि ते त्यांना सोयीचे होते. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा हेकट बरा. आमच्या घरात पत्नीचा आवाज तेवढा त्यांना पोचे, म्हणून ते तिच्याशी बोलत. तिने पहिल्या दिवशीच ओळखले होते. त्यांनी तिला कोणाला न सांगण्याची शपथ घातली होती. चाचणीला शांत जागा लागते, आणि टायरांनी मढवलेल्या त्या खोलीइतकी शांत जागा साऱ्या वाडीत नव्हती. "कानाला ते लावायचं आणि ऐकू आलं की हात वर करायचा, शाळेसारखा," ते म्हणाले. "बऱ्याचदा हात खालीच राहायचा."

ते उतरून मागे गेले, टायरवर तळहात मारला आणि स्वतःच चपापले. आपल्या थापेचा आवाज ते पुष्कळ वर्षांनी ऐकत होते. गाडीला टेकून, हायवेकडे पाठ करून ते म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा शेवटी काहीतरी बोलली. मी मान हलवली. काय बोलली, ठाऊक नाही."

मी काहीतरी बोललो. काय, ते आता आठवत नाही. सांत्वनाचे एखादे साधे वाक्य असावे, माझ्या नेहमीच्या आवाजात. मालकांनी चटकन मान वळवली.

"हा तुमचा आवाज?" ते म्हणाले. "चांगला आहे की."

घरी आल्यावर मी पत्नीला म्हणालो, मला तरी सांगायचे होते. ती म्हणाली, "पेशंट होते ते. आणि तुम्ही विचारलं कुठे?" घर बदलण्याचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

टायर बदलायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. "ओरडतो. पण बरोबर आहे," एवढीच दुरुस्ती त्यांनी आपल्या मतात केली. हायवे आला की ते यंत्र काढून मीटरच्या शेजारी खिशात ठेवत आणि कैनाडच्या रस्त्याला वळले की पुन्हा चढवत. रोज सकाळी यंत्र लावून ते आमच्या पायरीशी येऊन बसत आणि मला म्हणत, "प्रोफेसर, काहीतरी हळू बोला. बेनचा आवाज तर भिंतीलाही ऐकू येतो. मशीनची परीक्षा तुमच्यावरच." मी त्यांना वर्गात शिकवायचे ते वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत, टायर ऐकावा तसे. शेवटच्या बाकावरचा तो माझा एकमेव विद्यार्थी. पत्नी एकदा आतून म्हणालीही, "हल्ली काका मला हाकच मारत नाहीत." त्या वाक्यात जी बारीकशी कडवट चव होती ती मला चांगली परिचयाची होती; मला सूक्ष्म आनंद झाला आणि लगोलग त्याची लाज वाटली.

परवा आम्ही दोघे तलासरीच्या त्याच दुकानात गेलो. पत्नी बाहेरच सावलीत उभी राहिली, म्हणाली, "तुम्हीच बघा." मी टायर हुंगले, अंगठ्याने दाबून पाहिले आणि तोच जाडजूड, मोठ्या बटणांचा टायर पुढे ओढला. दुकानदाराने आठवणीने सांगितले, "साहेब, ओरडतो हा."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. हायवेवरून एक कंटेनर गेला. दुकानदाराने हात कानाशी नेला. "ठाऊक आहे," मी मोठ्याने म्हणालो.

चारही चाके चढली. मी पुढच्या टायरवर तळहात मारला, डोळे मिटले आणि एक आकडा सांगितला. दुकानदाराने मीटर लावले आणि संकोचून माझ्याकडे पाहिले. आकडा साफ चुकला होता.

"मीटर बिघडलंय तुमचं," मी म्हणालो, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.

बाहेर सावलीत पत्नी इतकी हसली की तिला गाडीच्या बॉनेटला टेकावे लागले.